तुळई, कमान आणि घुमट

भिंत उभारणे त्या मानाने सोपे असते. दगडावर दगड चढवीत गेले, म्हणजे भिंत उंच होते. खरी परीक्षा असते ती भिंतीत दार ठेवण्याची. दाराच्या जागी खाली आधार नसतो आणि वरचे दगड तर तेथेही हवेच असतात. रिकाम्या जागेवर भार कसा तोलून धरावा, हा प्रश्न घरे बांधू लागल्यापासून मनुष्यापुढे आहे. वास्तुकलेतील कित्येक शब्द या एकाच प्रश्नाच्या निरनिराळ्या उत्तरांची नावे आहेत.

सर्वांत साधे उत्तर म्हणजे दोन खांब उभे करून त्यांवर दगड किंवा लाकूड आडवे टाकणे. या आडव्या भागास तुळई म्हणतात. अंबरनाथचे शिवालय इ. स. १०६० मधील आहे. सिन्नरचे गोंदेश्वर मंदिर त्यानंतरचे. दोन्ही ठिकाणचे सभामंडप काळ्या दगडाच्या खांबांवर आणि तुळयांवर उभे आहेत. परंतु तुळईवर भार पडला की ती मध्यभागी किंचित वाकू पाहते. तेव्हा तिची वरची बाजू दाबली जाते व खालची बाजू ताणली जाते. लाकूड हा ताण बराच सोसते. दगड मात्र दाबाला जितका खंबीर, तितकाच ताणाला दुबळा. ताणला की तो तडकतो. म्हणून दगडी तुळई फार लांब ठेवता येत नाही. जुन्या मंदिरांत खांबांची दाटी दिसते, ती केवळ नक्षीच्या हौसेने झालेली नाही. तीत दगडाच्या स्वभावाची जाण आहे.

कमानीची युक्ती निराळी. तिच्यात पाचरीसारखे घडविलेले दगड, अरुंद बाजू खाली ठेवून, एकमेकांस भिडवून बसवितात. प्रथम खाली लाकडी साचा उभारतात. दोन्ही बाजूंनी रचीत आणलेले दगड माथ्याशी आले, की मधोमध शेवटचा दगड बसवितात. तो कळीचा दगड. मग साचा काढून घेतात. प्रत्येक दगड खाली घसरू पाहतो, पण शेजारचे दोन दगड त्यास दाबून धरतात. अशा रीतीने साऱ्या भाराचे दाबात रूपांतर होते, आणि दाब सोसणे हे तर दगडाचे बळच!

मात्र कमानीला याची किंमत द्यावी लागते. दोन मुले समोरासमोर तळहात टेकवून एकमेकांवर रेलली, तर त्यांचे पाय बाहेर सरकू लागतात. कमानीचे पायही तसेच बाहेर रेटा देतात. तो थोपविण्यासाठी दोन्ही अंगांना भक्कम भिंत लागते.

कमान तिच्या मध्यरेषेभोवती फिरविली, अशी कल्पना केली की घुमट डोळ्यांपुढे येतो. पण घुमट गोल आणि दालन चौकोनी, तेव्हा कोपऱ्यांचे काय करावयाचे? कर्नाटकातील विजापूरच्या गोल घुमटात याचे अप्रतिम उत्तर आहे. शहाजीराजे ज्याच्या दरबारी होते, त्या महंमद आदिलशहाची ही कबर, ती इ. स. १६५६ च्या सुमारास पूर्ण झाली. आतील दालनाची बाजू सुमारे ४१ मीटर असून मध्ये एकही खांब नाही. चार भिंतींपासून निघालेल्या आठ कमानी एकमेकींना छेदत वर जातात. त्या छेदांतून चौकोनाचा अष्टकोन होतो आणि त्यावर घुमटाचे वर्तुळ टेकते. घुमटाचा आतील व्यास सुमारे ३८ मीटर, म्हणजे दालनाच्या बाजूहून कमी आहे. कमानींमधील बांधकाम आतल्या बाजूस झुकलेले असल्यामुळे त्याचा भार आत ओढतो आणि घुमटाच्या बाहेरील रेट्यास आवर घालतो.

घुमटाच्या तळाशी आतून सभोवार सज्जा आहे. येणारे बहुतेक लोक तेथे मोठ्याने हाका मारतात. त्याची काहीच आवश्यकता नसते. भिंतीशी तोंड नेऊन कुजबुजले, तरी तो शब्द वळत्या भिंतीच्या कडेकडेने जातो आणि पलीकडच्या टोकास उभ्या असलेल्या माणसाच्या कानी स्पष्ट पडतो.