नाताळची वर्गणी व तिचा हिशेब

शास्त्रपाठ : करिंथकरांस पहिलें पत्र १६:१–४, करिंथकरांस दुसरें पत्र ८:१६–२४ व ९:१–८.

नाताळ जवळ आला म्हणजे आमच्या गांवोगांवच्या मंडळ्यांत तीन गोष्टी एकदमच सुरू होतात. भिंतींना चुना लागतो, मुलें गाणीं पाठ करूं लागतात, आणि कोणी तरी हातांत वही घेऊन वर्गणी गोळा करावयास निघतो. पहिल्या दोहोंविषयीं आम्हांस कांहीं सांगावयाचें नाहीं. तिसरीविषयीं या पाठांत विचार करावयाचा आहे. आणि तोहि विशेषेंकरून त्या बंधुभगिनींकरितां, कीं ज्यांचें पोट शेतीवर किंवा मिशनच्या नोकरीवर नसून लहानशा धंद्यावर चालतें. पुष्कळ गांवीं आमच्या लोकांपैकीं कोणी शिवणकाम करितो, कोणाची पिठाची गिरणी आहे, कोणी सायकली दुरुस्त करितो, कोणी बहीण पापड-लोणचीं करून बाजारांत विकते. अशा चौघांनीं मिळून नाताळांत दुःखी माणसाकरितां कांहीं करावें असें मनांत आणिलें, तर तें कोणत्या रीतीनें करावें?

पौल पहिल्यानें करिंथ शहरीं आला तेव्हां तो एका दुकानांत उतरला, ही गोष्ट आपण बहुधा विसरतों. अक्विला व त्याची बायको प्रिस्किल्ला यांचा तंबू करण्याचा धंदा होता, आणि पौलाचाहि तोच होता, म्हणून तो त्यांच्याजवळ राहून काम करूं लागला, असें प्रेषितांचीं कृत्यें १८:३ येथें सांगितलें आहे. पुढें यरुशलेमेंतील गरीब पवित्र जनांसाठीं त्यानें वर्गणी आरंभिली, तेव्हां करिंथकरांस तिच्याविषयींच्या सूचना ज्या अध्यायांत लिहिल्या, त्याच अध्यायाच्या शेवटीं या जोडप्याचा सलाम आला आहे. त्या वेळीं तीं दोघें इफिस शहरीं होतीं. वर्गणीच्या कामांत त्यांचा हात होता असें आम्ही म्हणत नाहीं. तसें कोठें लिहिलेलें नाहीं. परंतु त्या सूचना मात्र दुकानांत बसून रोजचा गल्ला मोजणाऱ्या माणसास सहज समजतील अशाच आहेत.

त्या सूचना काय आहेत? दर आठवड्याच्या पहिल्या दिवशीं प्रत्येकानें आपल्या मिळकतीच्या मानानें कांहीं बाजूस काढून ठेवावें, म्हणजे पौल आल्यावर ऐन वेळीं पैसे गोळा करण्याची धांदल होणार नाहीं. नाताळच्या आदल्या रविवारीं वही फिरविणारे आपण लोक याच्या अगदीं उलट करितों. ज्याचा हात त्या दिवशीं रिकामा असतो तो लाजेनें दुसऱ्याकडून उसने घेऊन देतो, आणि ज्याचा भरलेला असतो तो शेजाऱ्याचा आंकडा पाहून आपला ठरवितो. दुसऱ्या पत्राच्या नवव्या अध्यायांत पौल म्हणतो कीं, देणगी आधींच तयार असावी, ती जुलमानें काढल्यासारखी दिसूं नये. करिंथकरांनीं वर्षापूर्वींच हौसेनें होकार दिला होता. काम मात्र अजून पुरें झालें नव्हतें. मासेदोनियांतील मंडळ्या गरीब असूनहि त्यांच्या पुढें गेल्या होत्या. हा अनुभव आपल्याहि मंडळ्यांचा आहे, म्हणून त्यावर अधिक लिहीत नाहीं.

आमच्या मतें या पाठाचें मर्म ८:२० व २१ या वचनांत आहे. पौलानें पैसे एकट्यानें नेण्याचें पत्करिलें नाहीं. त्यानें तीतास पाठविलें, त्याच्याबरोबर आणखी दोन बंधु पाठविले, आणि त्यांपैकीं एक तर मंडळ्यांनीं स्वतः निवडलेला होता. कारण त्यानें स्पष्ट सांगितलें आहे: एवढ्या मोठ्या रकमेविषयीं कोणी आपणास दोष लावूं नये, आणि जें योग्य तें प्रभूच्या दृष्टीनें तसेंच मनुष्यांच्या दृष्टीनेंहि योग्य असावें, अशी त्याला काळजी होती. ज्या मनुष्यानें प्रभूसाठीं फटके खाल्ले, तुरुंग भोगिले, त्याच्यावर कोण संशय घेणार होता? तरी ‘माझ्यावर विश्वास ठेवा’ असें तो म्हणाला नाहीं. त्यानें संशयास जागाच ठेविली नाहीं.

येथें आम्हांस आपल्याच एका चुकीविषयीं लिहिलें पाहिजे. पाळकपणाच्या पहिल्या वर्षांत आम्ही एका लहान मंडळींत होतों. नाताळांत म्हाताऱ्या माणसांना कांबळीं देण्यासाठीं वर्गणी झाली, आणि पैशांचा डबा आमच्या घरीं, आमच्याच कपाटांत राहिला. मधल्या आठवड्यांत घरांत आजारीपण आलें. पगारास अवकाश होता. आम्हीं त्या डब्यांतून औषधापुरते पैसे काढले, आणि पगार होतांच परत टाकले. एक पैसाहि बुडाला नाहीं. परंतु मधल्याच एका संध्याकाळीं मंडळींतील एका वृद्ध शिंप्यानें सहज विचारिलें, “पाळकसाहेब, किती जमले?” आणि आम्हांस एकदम उत्तर देतां येईना. त्याच्या डोळ्यांत संशय नव्हता. तोच पुढें कित्येक दिवस आम्हांस बोंचत राहिला. संशय घेणारा माणूस एक वेळ बरा, विश्वास ठेवणाऱ्यापुढें उभें राहणें कठीण. कांबळीं वांटलीं गेलीं, सर्वांनीं आमचे आभार मानिले. त्या आभारांचें काय करावें हें आम्हांस कळेना. तेव्हांपासून मंडळीचा एकहि पैसा आमच्या छपराखालीं रात्रभर राहूं द्यावयाचा नाहीं, असा आमचा नियम आहे. तरुण उपदेशकांनीं हें वाचून आम्हांस हलकें लेखिलें तरी चालेल, पण डबा घरीं ठेवूं नये.

आतां लहानशा टोळीनें नाताळांत काय साधतें याचें एक अर्वाचीन उदाहरण पाहूं. डेन्मार्क देशांत आयनार होल्बोल नांवाचे टपालखात्यांतील एक नोकर होते. १९०३ च्या नाताळांत पत्रांचे ढीग निवडतां निवडतां त्यांच्या मनांत आलें कीं, यांतील प्रत्येक पत्रावर टपालाच्या तिकिटाशेजारीं आणखी एक अगदीं स्वस्त चिकटचिठ्ठी लागली, तर आजारी मुलांसाठीं केवढी रक्कम उभी राहील! त्यांनीं आपल्या सोबत्यांचें मन वळविलें. पुढें राजे नववे ख्रिस्तियन यांचीहि संमति मिळाली. १९०४ च्या नाताळांत ती चिठ्ठी निघाली. तिच्यावर दिवंगत राणी लुईझे यांचें चित्र होतें, आणि किंमत होती फक्त दोन ओर, म्हणजे तेथील शंभर ओरांच्या एका क्रोनचा पन्नासावा हिस्सा. पहिल्याच वर्षीं ४० लाखांहून अधिक चिठ्ठ्या खपल्या. या पैशांतून क्षयरोगी मुलांसाठीं आरोग्यधाम उभें राहिलें. तें १९११ मध्यें कोल्डिंग गांवाजवळ उघडलें.

त्या काळीं क्षय म्हणजे काय होतें हें तरुण वाचकांस ठाऊक नसेल. रॉबर्ट कॉख या जर्मन डॉक्टरांनीं १८८२ मध्यें या रोगाचा जंतु शोधून काढला, परंतु त्याला मारणारें पहिलें खरें औषध, स्ट्रेप्टोमायसिन, १९४३ पर्यंत सांपडलें नाहीं. मधल्या साठ वर्षांत रोग्यास विश्रांति, मोकळी हवा आणि चांगलें अन्न, एवढेंच देतां येत असे. म्हणून आरोग्यधामें बांधण्याची इतकी निकड होती. आपल्याकडे मिरजेजवळ वानलेसवाडीचें आरोग्यधाम त्याच गरजेंतून उभें राहिलें.

डेन्मार्कची ती चिठ्ठी एका पत्रावर बसून समुद्रापार न्यूयॉर्कास गेली. तेथें याकोब रीस नांवाचे मूळचे डॅनिश लेखक राहत असत. त्यांचे सहा भाऊ क्षयानें गेले होते. त्यांनीं १९०७ मध्यें त्या चिठ्ठीविषयीं एक लेख लिहिला, आणि तो डेलावेअर प्रांतांतील विल्मिंग्टन शहरच्या एमिली बिसेल बाईंच्या वाचनांत आला. ब्रँडीवाइन नदीच्या कांठीं क्षयरोग्यांसाठीं एक अगदीं लहान आरोग्यधाम होतें. ३०० डॉलर मिळाले नाहींत तर तें बंद पडणार होतें. बिसेल बाईंनीं मित्रमंडळींकडून ४० डॉलर उसने घेतले, चिठ्ठीचें चित्र स्वतः काढिलें आणि ५०,००० चिठ्ठ्या छापविल्या. किंमत एक सेंट. पन्नास हजार सेंट म्हणजे ५०० डॉलर. छपाई वजा जातां आरोग्यधाम वांचावें, असा तो साधा हिशेब. ७ डिसेंबर १९०७ रोजीं टपालकचेरींत मेज मांडून विक्री सुरू झाली. पंचवीस-पंचवीस चिठ्ठ्यांच्या पुड्या केल्या होत्या, आणि पुडीवर स्पष्ट छापिलें होतें कीं, या चिठ्ठीनें पत्र पोहोंचत नाहीं. ही गोष्ट आम्हांस फार आवडते. धर्माच्या कामासाठीं झाली तरी विकावयाची वस्तु जशी आहे तशीच सांगितली.

विक्री मात्र फारच मंद झाली. नाताळ दोन अडीच आठवड्यांवर, आणि मेजावर पुड्या तशाच. तेव्हां बाई शेजारच्या फिलाडेल्फिया शहरीं एका वृत्तपत्राच्या कचेरींत गेल्या. प्रथम तेथेंहि नकारच मिळाला. पण तेथील एका लेखकानें ती गोष्ट उचलून धरिली, संपादकांचें मन वळविलें, आणि पत्रांतून रोज चिठ्ठीची हांक जाऊं लागली. (वृत्तपत्राची ही स्तुति आम्ही वृत्तपत्रांतच छापतों, यास वाचकांनीं हंसूं नये.) शेवटीं ३०० च्या ठिकाणीं ३,००० डॉलर जमले. एका सेंटाची चिठ्ठी धरली, तर निदान तीन लाख वेळां कोणी तरी खिशांत हात घातला. आपल्या देशांत १९३९ मध्यें स्थापन झालेल्या भारतीय क्षयरोग संघानें १९५० पासून अशाच क्षयचिठ्ठ्या विकावयास आरंभ केला.

आतां आपल्या चौघा धंदेवाल्यांकडे वळूं. क्षय अजून आपल्या गांवांतून गेलेला नाहीं. औषध सरकारी दवाखान्यांत फुकट मिळतें, आणि साध्या क्षयास तें निदान सहा महिने घ्यावें लागतें. रोग्याच्या पोषणासाठीं सरकार २०१८ पासून दरमहा ५०० रुपये देत असे, ते नोव्हेंबर २०२४ पासून १,००० झाले. पण कमावता माणूस अंथरुणास खिळल्यावर घरांतील बाकीच्यांनीं काय खावें? झारखंडांत २०१९ ते २०२२ या वर्षांत डॉक्टरांनीं एक मोठा प्रयोग केला. रोग्यांस शिधा सर्वांनाच दिला. परंतु कांहीं ठिकाणीं रोग्याच्या घरच्या मोठ्या माणसांनाहि दरमहा माणशीं पांच किलो तांदूळ, दीड किलो डाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या दिल्या. त्या घरांत नवीन क्षय होण्याचें प्रमाण सुमारें ३९ टक्क्यांनीं कमी झालें. औषध रोग्यास बरें करितें. पण घरच्यांच्या पोटांत पडलेली डाळ पुढचा रोगी होऊं देत नाहीं.

म्हणून नाताळच्या एका दुपारच्या जेवणावळीपेक्षां एक घर सहा महिने उचलावें, असें आमचें स्पष्ट मत आहे. घरांत रोग्याशिवाय चार मोठीं माणसें असलीं, तर महिन्यास वीस किलो तांदूळ व सहा किलो डाळ. सहा महिन्यांस १२० किलो तांदूळ व ३६ किलो डाळ. एकट्यास हें ओझें, चौघांस तें पेलतें. गिरणीवाल्यास धान्याचा भाव कळतो, शिंप्याकडे पिशव्यांस तुकडे असतात. शासनाच्या ‘निक्षय मित्र’ योजनेंत (ती सप्टेंबर २०२२ पासून आहे) दुकानदारांच्या मंडळासहि नांव नोंदवितां येतें. सरकारी दवाखान्यांत विचारावें. रोग्याची संमति घेऊनच त्याला मदत जोडून दिली जाते, आणि हें योग्यच आहे. वर्गणी ऑगस्टांत आरंभावी, दर रविवारीं थोडी थोडी. डब्यास दोन कुलुपें, दोन किल्ल्या दोन घरीं, आणि डबा तिसऱ्याच्या दुकानांत. दर महिन्याचा आंकडा उपासनेनंतर मोठ्यानें वाचावा, मग तो कितीहि लहान असो.

दोन गोष्टी करूं नयेत. रोग्याच्या हातीं पिशवी देतांना छायाचित्र काढूं नये. क्षयाचें नांव फुटलें तर त्या घरच्या मुलीचें लग्न मोडतें, हें आम्हीं पाहिलें आहे. आणि शिध्याच्या पिशवींत धर्मपत्रिका घालूं नये. हें वाचून कांहीं उपदेशकबंधूंना राग येईल. परंतु भुकेल्याच्या हातांत एकाच वेळीं दोन वस्तु दिल्या, तर दुसरी ही पहिलीची किंमत आहे असें तो समजतो, आणि त्यांत त्याची चूक नसते. रोगी महाराचा, मराठ्याचा, मुसलमानाचा, कोणाचाहि असो. पिशवी तेवढीच भरावी. आपण कां आलों हें त्यानें आपण होऊन विचारिलें, तर मात्र सांगावयास लाजूं नये.

वर्गांत पुढील गोष्टींवर बोलणें व्हावें. पौलाबरोबर मंडळ्यांनीं निवडलेला बंधु होता. आपल्या गेल्या नाताळच्या वर्गणीबरोबर कोण होता? ती रक्कम किती होती, हें आज येथें बसलेल्यांपैकीं किती जण सांगूं शकतील? कोणासच सांगतां आली नाहीं, तर ज्याच्याजवळ ती होती त्याच्या घरीं पाठ संपल्यावर दोघांनीं मिळून जावें, प्रेमानें विचारावें, आणि तो आंकडा पुढच्या रविवारीं वहीच्या पहिल्या ओळींत लिहावा.