विनामोबदला कोड आणि पगाराची नोकरी



मुक्तस्रोत प्रकल्पांत, म्हणजे ज्या सॉफ्टवेअरचा मूळ कोड कोणालाही वाचता, बदलता व पुढे वाटता येतो अशा प्रकल्पांत, शुक्रवार-शनिवारच्या सुटीत विनामोबदला राबणारा प्रोग्रामर आपल्याच व्यवसायबंधूंच्या पोटावर पाय आणतो की काय, ही रियाध येथे प्रोग्रामर म्हणून नोकरीस असलेल्या चिरंजीव पुतण्याची शंका रास्त आहे. तयार प्रती विकून होणारी कमाई अशा कामामुळे घटते, हे नाकारण्यात अर्थ नाही. मात्र बहुसंख्य प्रोग्रामरांचा पगार प्रतींच्या विक्रीतून येत नाही, तर एखाद्या बँकेची, इस्पितळाची किंवा तेलकंपनीची विशिष्ट गरज भागवण्यातून येतो, आणि पायाभूत कोड फुकट मिळाला की ती गरज भागवणारे हात अधिक लागतात. १९९१ साली लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने आरंभलेल्या लिनक्सवर आज थुवल येथील किंग अब्दुल्ला विद्यापीठाचा ‘शाहीन’ महासंगणक चालतो, आणि त्याच लिनक्सची जुळणी व देखभाल हा व्यवसाय करणारी रेड हॅट ही कंपनी आयबीएमने २०१९ मध्ये सुमारे ३४ अब्ज डॉलरना विकत घेतली.

लिपीच्या क्षेत्रात हे अधिक जवळून पाहता येते. अरबीतील ‘बा’ हे अक्षर शब्दाच्या आरंभी, मध्ये, शेवटी आणि सुटे असताना चार वेगळी रूपे घेते, तर देवनागरीत ‘कि’ लिहिताना क नंतर टंकलेली वेलांटी पडद्यावर त्याच्या आधी दिसते. ही दोन्ही कामे फायरफॉक्स, क्रोम व लिब्रेऑफिसमध्ये हार्फबझ हे एकच मुक्तस्रोत सॉफ्टवेअर करते. रियाधच्या किंग अब्दुलअझीझ विज्ञान व तंत्रज्ञान नगरीचे अरबी फॉन्ट जीपीएल परवान्याखाली, म्हणजे सुधारित प्रत वाटणाऱ्याने तिचा कोडही खुला ठेवावा या अटीवर, सर्वांस उपलब्ध झाले. ‘श्रीलिपी’ विकणाऱ्या पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने घडवलेले लोहित फॉन्टही रेड हॅटने २००४ मध्ये याच परवान्याने खुले केले. अशा खुल्या फॉन्टांमुळे संगणक त्या त्या भाषेच्या कचेरीत वापरण्याजोगा होतो, आणि संगणक आला की प्रोग्रामरची गरजही तेथे निर्माण होते.

खरा धोका निराळा आहे. असंख्य सर्व्हरांत वापरल्या जाणाऱ्या एक्सझेड या संकुचन-साधनाचा भार जवळपास एकट्या, थकलेल्या स्वयंसेवकावर होता. अनोळखी सहकाऱ्याने त्याचा विश्वास संपादन करून त्या साधनात चोरवाट घातली, आणि २०२४ मध्ये लॉगिनला लागणारा अर्ध्या सेकंदाचा विलंब प्रोग्रामर अँड्रेस फ्रॉइंड यांच्या लक्षात आला म्हणून ती उघडकीस आली. फुकट श्रमांवर उभे राहून त्यांची जबाबदारी न उचलणाऱ्या कंपन्या नोकऱ्या व सुरक्षितता या दोहोंचे नुकसान करतात. म्हणून स्वयंसेवकाने शिकावे, दुरुस्त करावे, पण बारमाही देखभालीचे वेतन मागण्यास संकोचू नये.

सौदीत आणखी एक पथ्य पाळावे लागते. इकामा, म्हणजे निवासाचा परवाना, नोकरीशी जोडलेला असल्याने आणि परक्या कामगारास स्वतःच्या हिशेबी धंदा करण्यास कामगार कायद्याची मनाई असल्याने, बक्षिसाची रक्कम मिळणारे मुक्तस्रोत काम हाती घेण्यापूर्वी कायदा व करार तपासावा, आणि मालकाचा कोड वा संगणक या कामात कदापि आणू नये. २०२१ पासून ठराविक किमान कर्मचारी असलेल्या खासगी आस्थापनांच्या दूरसंचार व माहिती तंत्रज्ञान पदांत २५ टक्के सौदी नागरिक नेमण्याचा नियम लागू असल्याने परदेशी प्रोग्रामरची खुर्ची पूर्वीइतकी पक्की राहिलेली नाही. मात्र खुल्या प्रकल्पांत नावानिशी नोंदलेले काम इकामा संपल्यावरही त्याच्याजवळच राहते, आणि मायदेशी परतल्यावर तेच त्याची ओळख ठरू शकते.

म्हणून चिरंजीवाने रोज वापरात असलेला एकच प्रकल्प निवडावा, आठवड्यातील ठराविक वेळ त्यास द्यावा आणि घेतलेले काम तडीस न्यावे. अशा दानाने सहसा कोणाची भाकरी हिरावली जात नाही.