डॉक्टर होण्यापूर्वीची दोन वर्षे



दहावीचा निकाल लागला की वस्तीत पेढे वाटले जातात आणि चांगले गुण मिळविणाऱ्या मुलामुलीस हमखास विचारले जाते, "काय, डॉक्टर होणार ना?" मूल मान डोलावते, विज्ञान शाखेत नाव घातले जाते आणि घरचे निश्चिंत होतात. पुढली दोन वर्षे त्या मुलाचा दिवस कसा जातो, याची चौकशी मात्र फारशी कोणी करीत नाही. अभ्यासिकेच्या कामामुळे आम्ही ही मुले रोज जवळून पाहतो. म्हणून डॉक्टरी पेशाच्या थोरवीवर न लिहिता अकरावी-बारावीच्या रोजच्या दिवसावरच चार शब्द लिहावेत असे आम्ही ठरविले आहे.

प्रथम परीक्षेविषयी. जुन्या पिढीत इंटर सायन्सला 'बी ग्रुप' घेऊन मिळालेल्या गुणांवर मेडिकलला प्रवेश होई. पुढे बारावीच्या गुणांवर होऊ लागला, त्यानंतर सीईटी आली. २०१७ पासून आपल्या राज्यातील एमबीबीएसचे प्रवेश 'नीट' या देशव्यापी परीक्षेवर होतात. २०२५ च्या परीक्षेत तीन तासांत १८० प्रश्न होते : भौतिकशास्त्राचे ४५, रसायनशास्त्राचे ४५ आणि जीवशास्त्राचे ९०. एकूण गुण ७२०. बरोबर उत्तरास चार गुण, चुकीच्या उत्तरास एक गुण वजा, कोऱ्या प्रश्नास शून्य. त्या वर्षी २२ लाखांहून अधिक विद्यार्थी परीक्षेस बसले व १२ लाखांहून अधिक 'पात्र' ठरले. एमबीबीएसच्या जागा मात्र देशभरात मिळून सव्वा लाखाच्या आसपास. तेव्हा 'पात्र' या शब्दावर पालकांनी हुरळून जाऊ नये. पात्र होणे आणि प्रवेश मिळणे यांत फार मोठे अंतर आहे.

आता मुलांच्या अडचणीकडे वळू. दहावीपर्यंत मराठी माध्यमात पहिल्या-दुसऱ्या क्रमांकाने येणारा मुलगा अकरावीच्या दिवाळीपर्यंत गप्प होतो. वर्गात मागच्या बाकावर बसू लागतो. घरी विचारले तर "चाललाय अभ्यास" एवढेच उत्तर. आमच्या अनुभवाने सांगतो, बहुतेक वेळा त्याची बुद्धी कमी पडलेली नसते. त्याचे शब्द हरवलेले असतात. 'पेशी' त्याला येते, पण वर्गात 'सेल' म्हणतात. 'तंतुकणिका' त्याने आकृतीसह लिहिलेली असते, इथे ती 'मायटोकॉन्ड्रिया' झालेली असते. त्वरणाचे 'ॲक्सिलरेशन', संवेगाचे 'मोमेंटम', विकराचे 'एन्झाइम'. सर फळ्यावर पुढे गेलेले असतात आणि हा अजून शब्दापाशीच थांबलेला असतो. तीन महिने असे गेले की 'मला हे जमणार नाही' असे तो स्वतःशीच ठरवून टाकतो, आणि हा निकाल कोणत्याही परीक्षेने दिलेला नसतो.

यावर उपाय साधा आहे, पण तो अकरावीच्या पहिल्या आठवड्यापासून करावयास हवा. शंभर पानी वही घ्यावी. डाव्या बाजूस आपला मराठी शब्द, उजव्या बाजूस नवा शब्द, खाली एका ओळीत अर्थ. रोज पंधरा शब्द. दुसऱ्या दिवशी जो धडा वर्गात होणार आहे त्यातील शब्द आदल्या रात्रीच काढून ठेवावेत, म्हणजे सरांचे बोलणे कानाला परके वाटत नाही. दिवाळीपर्यंत हजारावर शब्द होतात, आणि पुढे ही वही उघडण्याची गरजच फारशी उरत नाही.

'नीट'ची प्रश्नपत्रिका मराठीतूनही घेता येते हे खरे. परंतु दोन वर्षे पुस्तके आणि क्लास इंग्रजीतून करून ऐन परीक्षेत मराठी निवडणाऱ्यास पुस्तकी परिभाषा अडवते. शिवाय भाषांतराविषयी शंका आल्यास इंग्रजी मजकूरच प्रमाण मानला जातो. मराठी घ्यावयाची असेल तर तो निर्णय अकरावीतच करून सर्व अभ्यास त्याप्रमाणे करावा. अर्ज भरताना मित्राचे पाहून करू नये.

दिवसाची आखणी करताना मुले तासांचा हिशेब करतात. कोणी बारा तास सांगतो, कोणी सोळा. आम्हाला हे आकडे फारसे पटत नाहीत. सकाळी कॉलेज, दुपारी क्लास, येण्या-जाण्यात दीड-दोन तास, रात्री जर्नल पूर्ण करणे, यातून स्वतःच्या हाताने उदाहरणे सोडवावयास चार तास मिळाले तरी पुष्कळ. क्लासमध्ये बसणे म्हणजे अभ्यास नव्हे. तेथे उतरवून घेतलेले त्याच दिवशी वही मिटून पुन्हा लिहून पाहिले, तरच ते आपले. जीवशास्त्रास निम्मे गुण आहेत. एनसीईआरटीचे पुस्तक ओळ न् ओळ वाचावे, आकृतीखालील मजकूरही सोडू नये. जर्नलचा कंटाळा करू नये, कारण बारावी बोर्डात या तिन्ही विषयांना प्रत्येकी ३० गुण प्रात्यक्षिकाचे आहेत. हल्ली काही ठिकाणी कॉलेजची हजेरी कागदावर आणि मूल दिवसभर क्लासमध्ये, असा प्रकार चालतो. मेडिकलला जाऊ इच्छिणाऱ्याने बेडकाचे हृदय केवळ चित्रात पाहिलेले असावे, सूक्ष्मदर्शकास हात लावलेला नसावा, हे आम्हाला बरे वाटत नाही.

झोपेत कपात करू नये. सहा-सात तास झोप हवीच.

आणखी एक गोष्ट मुलांच्या ध्यानात येत नाही. त्यांना रात्री अकराला अभ्यासाचा हुरूप येतो. पेपर मात्र मे महिन्यात, भर उन्हात, दुपारी दोन ते पाच असतो. म्हणून दर रविवारी बरोबर दोन ते पाच या वेळेत सराव पेपर सोडवावा. जेवणानंतर डोळे मिटू लागतात, त्यावर सवयीनेच मात करता येते. पेपर तपासताना केवळ बेरीज पाहू नये. एकाने १५० प्रश्न सोडविले, ११० बरोबर, ४० चूक : ४४० वजा ४०, म्हणजे ४०० गुण. दुसऱ्याने १२५ च सोडविले, ११२ बरोबर, १३ चूक : ४४८ वजा १३, म्हणजे ४३५. बरोबर उत्तरांत दोघांमध्ये फरक दोनचाच, गुणांत ३५ चा. चुकलेला प्रत्येक प्रश्न येतच नव्हता, की येत असून आकडेमोडीत गेला, की घाईने 'नाही' हा शब्द वाचावयाचा राहिला, हे त्याच संध्याकाळी लिहून ठेवावे.

पालकांस एक विनंती. दोन खोल्यांच्या घरात स्वतंत्र खोली देता येत नाही हे आम्ही जाणतो. पण संध्याकाळी सात ते नऊ टीव्ही बंद ठेवता येतो. मुलाच्या हातात पुस्तक असले की त्याला कोणी उठवीत नाही. मुलीच्या हातात पुस्तक असले तरी पाणी भरावयास तिलाच हाक जाते. दोघांचा पेपर एकच आहे. धाकट्या भावास हंडा उचलता येतो.

शेवटी कागदपत्रांविषयी, कारण यात हुशार मुलेही अडकतात. अनुसूचित जातीच्या राखीव जागेवरील प्रवेशास जात प्रमाणपत्राबरोबर जात वैधता प्रमाणपत्रही लागते. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर आपल्या अनेक घरांत शाळेच्या दाखल्यावर 'बौद्ध' एवढीच नोंद झाली. बौद्धांना अनुसूचित जातीच्या केंद्रीय सवलती १९९० च्या कायद्याने मिळाल्या. तथापि पडताळणी समितीपुढे पूर्वजांची मूळ जात आणि १० ऑगस्ट १९५० पूर्वीचे राज्यातील वास्तव्य दाखवावे लागते. आजोबांचा किंवा पणजोबांचा शाळेचा दाखला, जन्म-मृत्यूची नोंद, जुना महसुली उतारा असे काही शोधावे लागते, आणि ते बहुधा मूळ गावी असते. वडिलांकडील कोणा रक्ताच्या नातेवाइकाचे वैधता प्रमाणपत्र निघालेले असेल तर काम पुष्कळ हलके होते. ही धावपळ निकालानंतर जूनमध्ये करावयाची नसते. अकरावीच्या सुट्टीत वडिलांनी वा काकांनी गावी जाऊन नकला आणाव्यात आणि बारावी सुरू होताच कॉलेजमार्फत अर्ज करावा. मुलाला त्यासाठी तहसील कचेरीच्या रांगेत उभे करू नये. तेवढ्या वेळात त्याचा एक धडा होतो.