तांबे : 'पाच नऊ'चा माल

कपड्याच्या धंद्यात आम्ही सुताचा काउंट विचारतो, तसा प्रयोगशाळेसाठी तांबे घेणारा 'नऊ किती?' असे विचारतो. ९९.९९ टक्के म्हणजे चार नऊ, ९९.९९९ म्हणजे पाच नऊ. पाच नऊच्या एक किलो मालात सगळी मिलावट मिळून १० मिलिग्रॅमच्या वर नसते.

कापडात दोन धागे दुसरे पडले तरी गिऱ्हाईक ते वापरते. तांबे मात्र माफ करत नाही. नळ्यांच्या तांब्यात जोडकामासाठी ०.०२ ते ०.०४ टक्के फॉस्फरस असतो. एवढ्याशा फॉस्फरसने वीज वाहण्याची ताकद साधारण पाचव्या हिश्श्याने घटते. विजेच्या तारांच्या तांब्यात थोडा ऑक्सिजन असतो. तारेला तो चालतो. पण तोच माल हायड्रोजनच्या भट्टीत तापवला तर धातूच्या पोटात वाफ होते आणि तडे जातात. म्हणून प्रयोगशाळा ऑक्सिजनमुक्त तांबे मागते.

त्याचे कामही पाहा. जिथे हवा पूर्ण काढून टाकतात, त्या यंत्रांचे सांधे रबराने पुरेसे बंद होत नाहीत. स्टीलच्या दोन तबकड्यांना धार असते. मध्ये मऊ तांब्याची चकती ठेवून बोल्ट आवळले की धार तांब्यात रुतते. सांधा उघडला की चकती बाद, नवी घालावी लागते. तिथे पितळ वापरू नये. तापल्यावर त्यातले जस्त उडून सगळे यंत्र खराब करते. हे आपल्या पितळवाल्या भाईंनी लक्षात ठेवावे.

दुसरे काम थंडीचे. द्रव हेलियमच्या उणे २६९ अंशांवर शुद्ध तांबे उष्णता कितीतरी पटींनी जास्त वाहते. मिलावटी मालाला ते जमत नाही. म्हणून कसोटीही अशी आहे : तारेचा विजेला होणारा विरोध आधी खोलीत मोजायचा, मग त्या थंडीत. पहिल्या आकड्याला दुसऱ्याने भागले की जितका मोठा आकडा, तितका माल शुद्ध.

शुद्धतेचा हट्ट कुठवर जातो? अमेरिकेत दक्षिण डकोटात सोन्याच्या जुन्या खाणीत, जमिनीखाली सुमारे दीड किलोमीटरवर, शास्त्रज्ञांनी टाकीत वीज सोडून तांब्याचा थर चढवत चढवत भांडी वाढवली. वर जमिनीवर ठेवलेल्या तांब्यात आकाशातून येणाऱ्या किरणांनी किरणोत्सर्गी कोबाल्ट तयार होतो, तेवढाही त्यांना नको होता.

अशी ऑर्डर आली तर भावाआधी तीन गोष्टी लिहून घ्या : नऊ किती, ऑक्सिजन किती चालेल, दाखला कोणाचा. आणि भंगार वितळवून 'शुद्ध' म्हणून देण्याच्या फंदात पडू नका. पहिल्याच तपासणीत माल परत येईल, वाहतूक खर्च आपल्या खिशातून जाईल.