गर्भाशयाचे अस्तर : एक टाळलेला धडा

शाळेत शरीरशास्त्राचा हा भाग आला की ‘घरी वाचा’ असे सांगून पान उलटण्याची रीत आहे. आम्हीही अनेक वर्षे तेच केले. परंतु 2015 साली आमच्या शेजारच्या कलबुर्गी जिल्ह्यात अनेक गरीब लंबाणी व दलित भगिनींची गर्भाशये विनाकारण काढल्याचे सरकारी चौकशीत उघडकीस आले. पोटदुखी, अंगावरून पांढरे जाणे, अशा तक्रारी घेऊन त्या दवाखान्यात गेल्या होत्या. 2019 साली बीडच्या ऊसतोड स्त्रियांविषयी महाराष्ट्र सरकारलाही समिती नेमावी लागली. म्हणून तो धडा येथे देत आहोत.

गर्भाशय ही स्नायूंची लहानशी पिशवी होय. तिच्या आतील अस्तराचे दोन थर असतात. स्नायूंना लागून असलेला तो मूलस्तर व त्यावरचा तो कार्यस्तर. हरळी वरून कापली तरी मुळातून पुन्हा फुटते. तद्वत् कार्यस्तर दरमहा गळतो व मूलस्तरातून नवा तयार होतो.

पाळीच्या पहिल्या दिवसापासून चक्र मोजतात. स्राव थांबू लागताच बीजकोशातील ईस्ट्रोजेनमुळे अस्तर जाड होऊ लागते. 28 दिवसांच्या चक्रात सुमारे 14 व्या दिवशी स्त्रीबीज बाहेर पडते. पुढे प्रोजेस्टेरॉनमुळे अस्तरातील ग्रंथी नागमोडी होऊन पोषक रस स्रवतात आणि बारीक रक्तवाहिन्या मळसूत्रासारख्या वळतात. ही सारी गर्भाच्या स्वागताची तयारी होय. गर्भ रुजला नाही तर दोन्ही संप्रेरके घटतात, त्या वाहिन्या आकुंचन पावतात व कार्यस्तर रक्तासह बाहेर पडतो. हे रक्त सामान्यतः 30 ते 40 मिलिलिटर, म्हणजे दोन-तीन मोठे चमचे असते. ते शरीरातील घाण नव्हे. गर्भासाठी केलेल्या तयारीचाच तो भाग आहे.

स्राव आठ दिवसांहून अधिक चालला, मोठ्या गाठी पडल्या, दोन पाळ्यांच्या मध्ये किंवा पाळी कायमची बंद झाल्यावर रक्त दिसले, तर डॉक्टरांकडे अवश्य जावे. पुष्कळ विकार औषधांनी बरे होतात. कधी शस्त्रक्रिया खरोखरच आवश्यक असते. परंतु आधी सोनोग्राफी, गरज पडल्यास अस्तराची तपासणी आणि दुसऱ्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. बीजकोशही काढले तर पाळी अकाली बंद होते व हाडे कमकुवत होऊ लागतात, हेही विचारून घ्यावे.

शिक्षकबंधूंनी हे पान उलटू नये आणि मातांनी मुलींना ते घरी समजावून सांगावे, एवढीच आमची विनंती आहे.