जर्मन भाषेतील भूतकाळाची दोन रूपे

जर्मन भाषेत घडून गेलेली गोष्ट सांगण्यासाठी मुख्यतः दोन रूपे आहेत : ‘प्रेटेरिटुम’ हे एकपदी रूप आणि साहाय्यक क्रियापदाने साधलेले ‘पेर्फेक्ट’. ‘इश झाह’ हे पहिले, ‘इश हाबे गेझेएन’ हे दुसरे. दुसऱ्याचा अर्थ नेहमीच ‘मी पाहिले आहे’ असा करण्याचा मोह मराठी वाचकाला होतो, आणि येथेच तो फसतो. ‘काल मी त्याला पाहिले आहे’ हे मराठी कानाला खटकते. जर्मनमध्ये मात्र ‘गेस्टर्न’, म्हणजे ‘काल’, या शब्दासह पेर्फेक्ट खुशाल येते, आणि बोलताना तेच स्वाभाविक वाटते.

भेद बहुधा प्रसंगाचा असतो. कथा आणि लेखी वृत्तान्त यांत प्रेटेरिटुम, संभाषणात पेर्फेक्ट. दक्षिण जर्मनी, ऑस्ट्रिया व स्वित्झर्लंड येथील बोलींतून तर प्रेटेरिटुम जवळजवळ लुप्तच झाले आहे. प्रमाण भाषेत ‘वार’ (होता) व ‘हाट्टे’ (जवळ होते) ही रूपे मात्र बोलण्यातही टिकून आहेत.

क्वचित अर्थच पालटतो. सकाळी खिडकी उघडताच अंगण पांढरे दिसले, तर जर्मन मनुष्य ‘एस हाट गेश्नाइट’ म्हणेल : हिम पडले आहे. ‘एस श्नाइटे’ म्हटल्यास ऐकणारा पुढील कथेची वाट पाहील.