गळकें धुरांडें आणि शेजाऱ्याची गंजी

शास्त्रपाठ: निर्गम २२:६, अनुवाद २२:८.

मोशेच्या नियमशास्त्रांत शेतकऱ्यासाठीं एक लहानसें वचन आहे. एकानें पेटविलेला विस्तव कुंपणाच्या कांट्यांतून पसरला आणि त्यांत दुसऱ्याचें पीक जळालें, तर भरपाई कोणीं करावी, हें त्यांत ठरवून दिलें आहे. विस्तव मुद्दाम पसरविला कीं नकळत पसरला, हा प्रश्न तेथें विचारलेलाच नाहीं. ज्याचा विस्तव, त्याच्यावर भार.

हें वचन मलकापूर तालुक्यांतील बंधूंनीं विशेष मनावर घ्यावें. नळगंगेच्या कांठच्या काळ्या जमिनींत कपाशी हें मोठें पीक. वेंचणी सुरू झाली म्हणजे कापसानें भरलेल्या ट्रॉल्या जिनिंगकडे चालूं लागतात. त्याच सुमारास खळ्यांत सोयाबीनचें कुटार व कडब्याची गंजी असते. कापसास एक ठिणगी पुरते. आणि वरून विझलेला कापूस आंतून पुष्कळ वेळ धुमसत राहतो. अशा ठिकाणीं जुना ट्रॅक्टर गळक्या धुरांड्यानिशीं नेणें म्हणजे विस्तव उघडा घेऊन फिरणें होय.

इंजिनांतील जळका वायु प्रथम बिडाच्या नळीसमूहांत येतो. त्यास मॅनिफोल्ड म्हणतात. तेथून तो सायलेन्सरांतून बाहेर पडतो. इंजिन व मॅनिफोल्ड यांच्या सांध्यांत पॅकिंग असतें. तें जळालें, बोल्ट ढिले झाले किंवा सायलेन्सर गंजून फुटला, म्हणजे अतिशय तप्त वायु भलत्याच ठिकाणीं निघतो. सांध्याभोंवतीं काजळीचा काळा पट्टा दिसणें व इंजिन फटफट वाजणें, ह्या त्याच्या खुणा होत.

आगीवांचून दुसरीही हानि आहे. या धुरांत कार्बन मोनॉक्साइड नांवाचा विषारी वायु असतो. त्यास रंग नाहीं, वास नाहीं. रक्तांत प्राणवायूची जागा तो बळकावतो. म्हणून बंद कोठारांत इंजिन कधींही चालूं ठेवूं नये. शिवाय डिझेलच्या धुरानें मनुष्यास कर्करोग होतो, असा निर्णय जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनें २०१२ सालीं दिला आहे. गळक्या सांध्याचा धूर चालविणाऱ्याच्या तोंडावर येतो, आणि चालविणारा पुष्कळदां आपला मुलगा किंवा आपला गडी असतो.

आतां दुरुस्ती कशी करावी तें पाहूं. ट्रॅक्टर उघड्या जागीं उभा करून चाकांस दगड लावावे. इंजिन पूर्ण थंड होईपर्यंत हात लावूं नये. गंजलेल्या नटांवर आदल्या रात्रीं गंज सोडविणारें तेल सोडावें. सकाळीं पान्यानें नट थोडा सैल, थोडा घट्ट, असा हळूहळू फिरवावा. जोर केल्यास स्टड तुटतो, आणि मग कारागिराकडे गेल्यावांचून गत्यंतर राहत नाहीं.

मॅनिफोल्ड उतरविल्यावर इंजिनाच्या भोकांत चिंध्यांचे बोळे घालावे, म्हणजे काजळीचे खडे आंत पडणार नाहींत. बोळे मोजून घालावे व मोजून काढावे. जुन्या पॅकिंगांत ॲस्बेस्टॉस असण्याचा संभव असतो. त्याची धूळ फुप्फुसांस घातक आहे. यासाठीं तें कोरडें घासूं नये. पाण्यानें भिजवून, नाकास योग्य मास्क बांधून, हळूच काढावें. मग सरळ पट्टी लावून मॅनिफोल्डचें तोंड सपाट आहे कीं नाहीं तें पाहावें. वांकडें असेल तर तें कारखान्यांत सपाट करून घ्यावें.

नवें पॅकिंग त्याच इंजिनाच्या मापाचें असावें. नट मधून बाहेरच्या बाजूस, दोनतीन फेऱ्यांत सारखे आवळावे. इंजिन तापवून पुन्हां थंड झाल्यावर ते एकदां तपासावे. सायलेन्सर गंजून झिजला असेल तर ठिगळ न लावितां बदलावा, व उभ्या नळीच्या तोंडावर झांकण ठेवावें. पावसाचें पाणी आंत राहून गंज चढतो.

कित्येक जण गळक्या सांध्यावर पत्रा व तार गुंडाळतात. चार दिवस आवाज बंद होतो. पण खालीं जुनी काजळी तशीच असते, म्हणून सांधा पुन्हां फुटतो. मंडळींतील भांडणाचेंही असेंच आहे. अंतःकरण स्वच्छ न करितां वरवर केलेला सलोखा पहिल्याच तापांत उघडा पडतो. आधीं काजळी खरवडावी, मग नवा सांधा बसवावा.

अनुवादांतील वचन याहून एक पाऊल पुढें जातें. नव्या घराच्या धाब्यास कठडा बांधावा, कोणी पडून मरूं नये, अशी ती आज्ञा आहे. निर्गम नुकसान झाल्यावर बोलतो. अनुवाद नुकसान होण्याच्या अगोदर. पॅकिंगास लागणारा पैसा हा आपल्या काळचा कठडा होय. जळालेल्या गंजीची किंमत भरून देतां येईल, पण गेलेला प्राण कोणास परत देतां येईल? म्हणून शेजाऱ्यावरील प्रीति केवळ प्रार्थनेंत नव्हे, तर हातांतील पान्यांतही दिसावी.

उपदेशकांनीं वर्गांत विचारावयाचे प्रश्न:

१. निर्गम २२:६ मध्यें हेतूविषयीं कां विचारलेलें नाहीं?

२. आपल्या घरीं किंवा शेतांत कोणता "कठडा" बांधावयाचा राहिला आहे?

३. आपल्या मंडळींत वरवर तार गुंडाळलेला सांधा कोणता, आणि तो उघडण्यास प्रथम कोणीं जावें?